उलटं कार्ड

वाचनालयात ठिणगीबाईंना तोंडावर कुणी ठिणगीबाई म्हणत नसे, पण पाठीमागे त्यांना दुसरं नावही नव्हतं. पुस्तक उशिरा आणणारा माणूस आधी दारातून डोकावून टेबलाशी कोण बसलंय ते बघे. बाई असल्या तर तसाच मागे फिरे आणि दुसऱ्या दिवशी बायकोला पाठवी. बायका जास्त हुशार होत्या. त्या सासऱ्यांना पाठवत. बाई सासऱ्यांनाही सोडत नसत.

एखाद्याला गाता गळा असतो तसा त्यांना राग होता, जन्मापासून. शाळेत त्यांनी शिवणाच्या बाईंच्या दिशेने कात्री भिरकावली होती. लग्न ठरत होतं तेव्हा नवऱ्याच्या मामांना म्हणाल्या होत्या, तुम्ही जरा गप्प बसलात तर त्यांना बोलता येईल. लग्न तरीही झालं, कारण 'त्यांना' म्हणजे नवऱ्याला बोलायचं नव्हतंच. तो बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करी आणि घरी आल्यावर हात धुऊन शांत बसे. घरात रागाला काही काम नव्हतं. तो नुसताच भांड्यांवर आपटत राही.

वाचनालयात मात्र त्या रागाला काम मिळालं. मुदत उलटून बरेच महिने झाले की बाई संध्याकाळी पिशवी घेऊन त्या माणसाच्या घरी जात. बसा म्हटलं तर बसत नसत, पाणी दिलं तर घेत नसत. उंबऱ्यात उभ्या राहून "पुस्तक" एवढंच म्हणत. मग घरात शोधाशोध सुरू होई. पलंगाखालून, पिठाच्या डब्यामागून, लेकीच्या दप्तरातून पुस्तकं निघत. एका घरात तर ते टेबलाच्या आखूड पायाखाली निघालं. टेबल तसंच लंगडं ठेवून बाई पुस्तक घेऊन आल्या.

आणि आल्या आल्या त्यांनी त्याचं कार्ड सरळ केलं.

या कार्डांचं सांगायला हवं. वाचनालयात शिरल्यावर डाव्या भिंतीला छोट्या छोट्या खणांचं एक कपाट होतं. खणाला पितळी मूठ, आत पोस्टकार्डाहून लहान कार्डं उभी ओळीनं लावलेली, पुस्तकागणिक एक. प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेला मधोमध भोक, आणि सगळ्या भोकांतून आरपार एक लोखंडी सळई, कुणी उपटून खिशात घालू नये म्हणून. बाई कामाला लागल्या तेव्हा जे ग्रंथपाल होते, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी बाईंना कार्ड लिहायला शिकवलं होतं. अक्षरं आधी सुटी लिहायची, हात न टेकवता. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, श्वास धरून, एका दमात. रेघ वाकडी गेली तर कार्ड फाडायचं. पहिल्या वर्षी बाईंनी जेवढी लिहिली त्याहून जास्त फाडली, आणि प्रत्येक फाडलेल्या कार्डाला एक शिवी दिली. सर म्हणत, शिवी मनात द्या, हात हलतो.

पुस्तक हरवलं की इतर वाचनालयांत त्याचं कार्ड काढून टाकतात. सर काढू देत नसत. पुस्तक हरवलंय, मेलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. परत आलं तर बसणार कुठे? म्हणून त्यांनी एक रीत घातली होती. हरवलेल्या पुस्तकाचं कार्ड जागा न बदलता उलटं करायचं, डोकं खाली आणि पाय वर. उलट्या कार्डातून सळई जावी म्हणून त्याच्या दुसऱ्या कडेलाही भोक पाडायचं. हे भोक पाडायचं हातयंत्र बाईंच्या टेबलात असे आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा पायावर.

वाचकांना हे ठाऊक होतं. खण उघडून कार्डं चाळताना मध्येच एक कोरी कड, भोक असलेली, वर आली की ते मान वाकडी करून नाव वाचत, उसासा टाकत आणि पुढे जात. पुढे पुढे हे बोलण्यातही आलं. कुणी बरेच दिवस दिसला नाही की वाचनाच्या खोलीत कुणीतरी विचारी, का हो, त्याचं कार्ड उलटं झालं की काय.

बाईंचा सगळा अभिमान या उलट्या कार्डांत होता. दर वर्षी थोडी उलटी होत आणि थोडी त्या सरळ करत. सर गेले, त्यांच्या जागी आलेले दोघे आले तसे बदलून गेले, पण बाई आणि उलटी कार्डं राहिली. बाईंना वाटे, आपल्या रागाचा या जगात उपयोग आहे, आणि तो या खणांत कुणालाही बोटानं मोजता येईल.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, चष्मा पुसत हळू बोलायचा. पण त्यानं एकदाही खण उघडून बघितला नाही. आल्यानंतर थोड्याच दिवसांत दोन कॉम्प्युटर आले आणि साहेबांनी सांगितलं, सगळी कार्डं यात भरायची, वाचकांना पुस्तक शोधायला कॉम्प्युटरचा एक पडदा लावायचा, कपाट काढून तिथे खुर्च्या टाकायच्या. बाईंनी विचारलं की भरायचं काम कधी शिकवणार. साहेबांनी चष्मा पुसला.

"तुम्ही कशाला त्रास घेता, बाई," ते म्हणाले. "तुमची आता दोन-तीन वर्षं राहिली. तुम्ही आपलं टेबल बघा."

हे ते इतक्या मायेनं म्हणाले की बाईंना त्यांच्या अंगावर दौत ओतावीशी वाटली. ओरडला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. मायेशी भांडायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

भरण्याच्या कामाला साहेबांनी कंत्राटावर एक बाई घेतली, ती नेमकी ठिणगीबाईंची धाकटी जाऊ.

घर एकच होतं. खाली मोठे, वर धाकटे. पाण्याची टाकी एक, जिना एक, आणि जिन्याखालची चपलांची फळीही एक. दिराचा फोटोचा स्टुडिओ होता. लोकांच्या खिशात फोन आले आणि स्टुडिओत कुणी येईना. त्यानं काही वर्षं मागचा पडदा बदलून बघितला, डोंगराचा काढून समुद्राचा लावला, आणि मग कुलूप लावलं. तेव्हापासून तो घरी बसून जुने कॅमेरे पुसत असे. धाकटीनं चाळिशीत टायपिंगचा वर्ग लावला. अर्ज करण्याआधी ती खाली आली, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, मी अर्ज केला तर चालेल ना तुम्हाला?"

"मला काय विचारतेस," बाई म्हणाल्या. "मी काय साहेब आहे?"

धाकटी हसली. तिला ते हो वाटलं.

काम नीट झालं तर तिला कायम करायचं, असं साहेबांनी तिला सांगितलं होतं. हे तिनं ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी खाली येऊन सांगितलं. ती अशीच होती, कळलेलं लगेच सांगून टाकणारी. दुसऱ्या दिवसापासून दोघी एकाच रस्त्यानं कामाला जाऊ लागल्या. धाकटी भराभर चालायची आणि मध्येच थांबून वाट बघायची. बाईंना त्या थांबण्याचाही राग येई.

पहिल्याच दिवशी, दुपारी, ते घडलं. धाकटीनं पहिल्या खणाची सळई काढली, कार्डांचा गठ्ठा समोर घेतला आणि एकेक बघून टाइप करू लागली. बाई समोरच्या टेबलाशी होत्या, हात लांब केला तर खणाला लागेल इतक्या जवळ. थोडी कार्डं झाल्यावर धाकटीच्या हातात एक उलटं कार्ड आलं. तिनं ते फिरवलं, वाचलं, आणि बाईंना दाखवत हसून म्हणाली, "हे बघा वहिनी, कुणीतरी उलटंच घालून ठेवलंय."

वाचनालयात त्या वेळी कुणी नव्हतं. पंखा फिरत होता. बाईंच्या मनात सरांचं वाक्य आलं, तोंडापर्यंत आलं. पण त्याच्या पुढे दुसरंच काहीतरी येऊन उभं राहिलं होतं. तुम्ही आपलं टेबल बघा. बाई टेबल बघत होत्या.

"असेल," त्या म्हणाल्या.

एवढंच. धाकटीनं कार्ड टेबलावर टकटक आपटून गठ्ठ्याशी सारखं केलं आणि त्यावरचं पुस्तक कॉम्प्युटरमध्ये भरलं. मग पुढचं घेतलं.

त्यानंतर ते टकटक बाईंनी रोज ऐकलं. धाकटी कामाला चोख होती. एक कार्ड तिनं वगळलं नाही, एक अक्षर चुकवलं नाही. उलटी आली की सरळ करायची, नीट लावायची, खालच्या भोकातून सळई घालायची. प्रत्येक टकटकीला बाईंना आत कुठेतरी चावल्यासारखं होई, आणि त्या चावण्यात एक गोडीही होती. होऊ दे. भरू दे. साहेब तोंडघशी पडेल तेव्हा बघू. धाकटीचा विचार त्यांनी केला नाही असं नाही. तो आला की त्या उठून खिडकी लावत किंवा उघडत.

एका रविवारी सगळे खाली एकत्र जेवत होते. धाकटी सांगत होती, खण अगदी अस्ताव्यस्त होते, कितीतरी कार्डं उलटीच, मी सगळी सरळ करून टाकली. बाईंच्या नवऱ्याचा हात ताटावरच थांबला. त्याला रीत माहीत होती, बायकोबरोबर इतकी वर्षं काढल्यावर ती कुणालाही माहीत झाली असती. त्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढचा घास उचलला. सगळे गेल्यावर त्यानं एवढंच विचारलं, तिला सांगितलं नाहीस?

"मला कुणी विचारलं?" बाई म्हणाल्या.

तो हात धुवायला उठला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

पडदा सुरू झाला त्या दिवशी साहेबांनी दोन शब्द सांगितले, कपाट मागच्या पडवीत सरकवलं आणि तिथे चार खुर्च्या टाकल्या. पडद्यावर पुस्तकाचं नाव दिलं की खाली हिरव्या अक्षरांत 'उपलब्ध' असं येई. वाचकांना गंमत वाटली. सगळ्यांत जास्त वाटली पोस्टमास्तरांना.

पोस्टमास्तर निवृत्त होऊन जमाना झाला होता. त्यांना एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकाचा दुसरा भाग हवा होता. पहिल्या भागाच्या शेवटी जहाज बर्फात अडकतं, आणि दुसरा भाग हरवलेला होता, त्यांच्या तरुणपणापासून. महिन्यातून एकदा ते खण उघडून बघत आणि बाईंना विचारत, अजून डोक्यावरच उभंय वाटतं? बाई म्हणत, उतरलं की कळवीन. हा दोघांचा ठरलेला विनोद होता, आणि बाई ज्या माणसांशी विनोद करत त्यांत ते बहुधा एकटेच होते.

त्यांनी पडद्यावर नाव टाकलं. हिरवी अक्षरं आली. ते उठून उभे राहिले आणि टेबलाशी आले, तोंड असं की बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

"आलं का हो?" त्यांनी विचारलं. "सांगितलं नाहीत मला?"

बाईंना म्हणता आलं असतं. नाही आलं, चूक झालीय, बसा जरा. त्या म्हणाल्या, "मला कशाला विचारता? पडद्याला विचारा."

पोस्टमास्तर पुस्तकांच्या कपाटांकडे गेले. त्या दिवशी त्यांना ते सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि पहिल्या कपाटापासून एकेक पुस्तक बाहेर काढून बघू लागले. कुणीतरी चुकीच्या जागी ठेवलं असेल, असं त्यांनी धाकटीला समजावून सांगितलं. ती त्यांच्याबरोबर शोधू लागली. तिसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे धुळीनं पांढरे झालेले बाईंनी बघितले. आता सांगणं आणखी अवघड झालं होतं, आणि ते अवघड झालं म्हणून बाईंना पोस्टमास्तरांचाही राग आला. हा म्हातारा असा हावरटासारखा शोधतोय कशाला. जहाज बुडालं असेल, दुसरं काय होणार.

पोस्टमास्तर एकटे नव्हते. एक शिक्षिका आली, एक शिंपी आला, होमिओपॅथीचा एक डॉक्टर आला. प्रत्येकाला हवं असलेलं पुस्तक पडद्यावर होतं आणि कपाटात नव्हतं. शेवटी डॉक्टर साहेबांच्या खोलीत जाऊन आवाज चढवून बोलले आणि साहेब बाहेर आले. धाकटीला बोलावलं. तिनं सांगितलं की कार्डावर होतं तेच मी भरलंय. तेव्हा खालच्या कप्प्याशी बसलेले पोस्टमास्तर गुडघ्यावर हात टेकत उठले.

"पण ते आलेलं असणारच," ते म्हणाले. "त्याचं कार्ड मी सदैव उलटं पाहिलंय. परवा पडवीत जाऊन बघितलं तर सरळ होतं. सरळ झालं म्हणजे पुस्तक आलं. होय ना हो, बाई?"

मग ते त्यांनीच साहेबांना समजावून सांगितलं, उलटं म्हणजे काय आणि सरळ म्हणजे काय, शाळेत सांगतात तसं. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच उमगलं की पुस्तक आलेलंच नाही, आणि ते गुडघ्यांवरची धूळ झटकू लागले. धाकटीचा चेहरा उतरत गेला. तिनं बाईंकडे बघितलं नाही.

साहेबांनी बघितलं. "बाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला कुणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. यादीवर आता भरवसा उरला नाही, असं ते म्हणाले. बाहेरची माणसं आणून सगळी पुस्तकं एकेक करून मोजावी लागतील आणि यादी पुन्हा नव्यानं करावी लागेल. पुढचं कामही मग त्याच माणसांकडे जाईल. धाकटीनं शनिवारपर्यंत यावं. ती जुनी कार्डं आणि कपाटही शनिवारी रद्दीवाल्याला देऊन टाकू. हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं.

त्या संध्याकाळी धाकटी बाईंसाठी थांबली नाही. बाई घरी आल्या तेव्हा ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर, चपला पायातच.

"तू बघत होतीस," ती म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून तिनं बाईंना कधी एकेरी हाक मारली नव्हती. बाई चपला काढत होत्या, त्या थांबल्या.

"मी तुला दाखवलं होतं. हातात धरून दाखवलं. हसून दाखवलं. आणि तू म्हणालीस असेल. मी घरी येऊन तुमच्या पानावर बसून सांगत होते की मी सरळ केली, आणि तू वाढत होतीस. माझ्याशी भांडायचं होतंस. जिन्यात गाठून चार लगावायच्या होत्यास. तुझ्या रागाला सगळा गाव भितो, मी कधी भ्यायले नाही, मला वाटायचं हिचा राग सरळ आहे." ती थांबली. "हे वरती बसून कॅमेरे पुसतात, वहिनी. मी त्यांना काय सांगू?"

बाईंनी तोंड उघडलं. मला कुणी विचारलं नाही, हे वाक्य त्यांच्याजवळ तयार होतं, पण या बाईनं विचारलं होतं. अर्ज करण्याआधी विचारलं होतं, पहिल्या दिवशी विचारलं होतं. वाक्य तोंडातच मोडलं. त्यांना धाकटीचा इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि त्या अंधारीत त्यांना स्पष्ट दिसलं की हा राग धाकटीवरचा नाही.

"दोन भोकं आहेत त्यांना," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उलट्या कार्डांना दोन कडांना दोन भोकं. मीच पाडलेली. सरळ केलीस तरी वरचं भोक जात नाही. खण उघडून वरून बोट फिरवलं की हाताला लागतं. सगळं वाचनालय मोजायची गरज नाही. तेवढी कार्डं काढ, तेवढीच कपाटात शोध. तुझी बाकीची यादी खरी आहे."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला आनंद होईल असं बाईंना वाटलं असेल तर ते चुकीचं होतं.

"म्हणजे साहेब शनिवार म्हणाले तेव्हाही तुला हे माहीत होतं," धाकटी म्हणाली.

बाईंनी राहिलेली चप्पल काढून फळीवर ठेवली.

"मला सांगू नकोस. त्यांना सांग. उद्या, माझ्यासमोर. दोन भोकांचंही सांग आणि असेल म्हणालीस तेही सांग." ती उठली आणि वर गेली. मग वरून, दिसत नसताना, तिचा आवाज आला. "आणि रडू नकोस तिथे. रडलीस तर लोक तुलाच खुर्ची देतील."

बाई रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या ते दार आपटूनच. धाकटी मागे भिंतीला टेकून उभी राहिली. बाईंनी सगळं सांगितलं, पण ज्यानं ऐकलं असतं त्याला वाटलं असतं की गुन्हा साहेबांनीच केलाय. तुम्ही एक खण उघडून बघितला नाहीत. तुम्ही मला टेबल बघायला सांगितलंत, मी टेबल बघितलं. तिनं मला कार्ड दाखवलं होतं आणि मी बोलले नाही. तिची यात काही चूक नाही. तिला काढायचं नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही मुद्दाम गप्प बसलात," ते म्हणाले.

बाईंना वाटलं होतं की हे वाक्य कुणी उच्चारलं तर आपण त्याचा गळा धरू.

"हो," त्या म्हणाल्या. "मुद्दाम."

मग साहेबांनी फोन उचलून रद्दीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. धाकटीला ते म्हणाले की ही दुरुस्ती नीट झाली तर बाकीचं ठरल्याप्रमाणे. बाईंना म्हणाले, दुरुस्ती होईपर्यंत तुम्ही टेबलावर बसायचं नाही. यांच्याबरोबर पडवीत बसायचं आणि या सांगतील ते करायचं. या वेळी त्यांच्या आवाजात माया नव्हती. बाईंना ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा पुन्हा राग आला.

पडवीत एक लांब टेबल होतं. एका टोकाला धाकटी आणि कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला बाई आणि खण. बाईंनी सळया उपसल्या, कार्डांच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि दुभोकी कार्डं वेगळी काढली. त्यांचे गठ्ठे झाले. त्यांना वाटलं होतं त्याहून ते मोठे होते. इतकी वर्षं त्यांनी फक्त सरळ झालेली कार्डं मनात धरली होती. उरलेल्यांकडे असं एकत्र कधी बघितलं नव्हतं. इतकी घरं, इतके उंबरे, एवढा संताप, आणि तरी हे एवढं गेलेलंच.

यात एक गोम होती, आणि ती बाईंनी आपणहून सांगितली. दोन भोकं म्हणजे पुस्तक हरवलं होतं एवढंच. त्यातली बरीच नंतर परत आली होती आणि त्यांची कार्डं सरळ केलेली होती. भोक बुजत नाही. कुठलं आलं आणि कुठलं नाही हे कार्ड कसं उभं होतं त्यावरून कळायचं, आणि आता सगळीच सरळ होती. आता ते फक्त बाईंनाच माहीत होतं.

धाकटीनं ऐकून घेतलं आणि पहिलं कार्ड उचललं. ते हातात धरून बाईंना दाखवलं, पहिल्या दिवशी दाखवलं होतं तसंच, नुसतं हसू नव्हतं.

"हे?"

"हे आलंय," बाई म्हणाल्या. "टेबलाच्या पायाखाली होतं. मी आणलं."

धाकटी उठली. पडवीतून आत गेली, तिच्या चपलांचा आवाज कपाटांपर्यंत गेला, थांबला, परत आला. ती बसली, कॉम्प्युटरमध्ये काही केलं नाही, कार्ड उजवीकडे ठेवलं. पुस्तक होतं. तिनं दुसरं कार्ड उचललं.

"हे?"

"हे गेलं. माणूसच गाव सोडून गेला."

धाकटी उठली, आत गेली, रिकाम्या हातानं आली, दोन कळा दाबल्या आणि कार्ड डावीकडे ठेवलं.

प्रत्येक कार्डाला ती उठली. बाई हो म्हणाल्या तरी उठली, नाही म्हणाल्या तरी उठली. बाईंचं एकही उत्तर चुकलं नाही, आणि त्यानं काही फरक पडला नाही. दुपारी धाकटीचे पाय दुखायला लागले तेव्हा ती चपला काढून अनवाणी जाऊ लागली. बाईंना ते सहन होईना. कुणी त्यांना शिव्या दिल्या असत्या, कात्री फेकून मारली असती, तर त्यांनी ती झेलून परत फेकली असती. हे उठणं कशानं झेलायचं?

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांचं कार्ड आलं. पोस्टमास्तर आत खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि दारातून त्यांचा खांदा दिसत होता. आता ते शोधत नव्हते. बाईंशी बोलतही नव्हते.

"हे?" धाकटी म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "हे नाहीच आलं."

धाकटीनं खुर्ची मागे सारली.

"अगं, हे तर तू स्वतः शोधलंयस," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता. "तीन दिवस त्या म्हाताऱ्याबरोबर कपाटं उलथीपालथी केलीस. नाहीये ते. तुला माहीत आहे नाहीये. मी सांगतेय नाहीये. किती वेळा उठणार आहेस?"

धाकटी उभी होती. तिनं बाईंकडे बघितलं, जिन्यातल्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा सरळ.

"संपेपर्यंत," ती म्हणाली, आणि कार्ड हातात घेऊन आत गेली.

बाई गठ्ठ्याशी बसून राहिल्या. बराच गठ्ठा उरला होता. आतून धाकटीच्या अनवाणी पावलांचा आवाज पोस्टमास्तरांच्या खुर्चीजवळून पुढे गेला, समुद्रप्रवासाच्या कप्प्याशी थांबला. पहिला भाग तिथे होता, त्याच्या शेजारी बोटभर रिकामी जागा होती. डोळे मिटले तरी बाईंना ती दिसत होती. मग पावलं परत येऊ लागली. बाईंनी पुढचं कार्ड उचलून टेबलाच्या मध्यावर, धाकटीचा हात पोचेल असं, सरळ उभं धरलं. हात हलला. त्यांनी मनातल्या मनात एक शिवी दिली आणि तो स्थिर केला.